चुंबकत्व आणि अतिवाहकता

विजेच्या शेगडीची तार तापून लाल होते, हें श्रोत्यांनीं घरीं पाहिलें असेल. धातूंतून धांवणाऱ्या विद्युत्कणांस वाटेंत जो अडथळा होतो, त्याची ती उष्णता. हॉलंडमध्यें लायडेन येथें कामरलिंग ओनेस यांनीं १९११ सालीं पारा शून्याखालीं सुमारें २६९ अंश थंड केला, तेव्हां हा अडथळा एकाएकीं नाहींसा झाला. या गुणास अतिवाहकता म्हणतात.

१९५७ सालीं बार्डीन, कूपर व श्रीफर यांनीं तिची मीमांसा केली. विद्युत्कण स्वभावतः परस्परांस दूर लोटतात. परंतु अशा थंडींत अणूंच्या कंपनांच्या मध्यस्थीनें त्यांच्या जोड्या जुळतात, आणि सर्व जोड्या एका लयीनें चालूं लागल्या म्हणजे अडथळा उरत नाहीं. मात्र धातूंत चुंबकीय अणु शेंकडा एखादा मिसळला, तरी पुष्कळदां या जोड्या फुटतात. म्हणून चुंबकत्व म्हणजे अतिवाहकतेचा वैरी, असा नियमच ठरून गेला.

नियम मनांत दृढ असतां उलट पुरावा ओळखणें सोपें नसतें. १९७५ सालीं युरेनियम व बेरिलियम यांच्या एका संयुगांत अतिवाहकता आढळली; परंतु तो गुण संयुगाचा नसून त्यांत राहून गेलेल्या शुद्ध युरेनियमच्या तंतूंचा असावा, असें संशोधकांनीं मानलें. हातीं आलेलें रत्न गारगोटी समजून बाजूस ठेवलें गेलें.

१९७९ सालीं जर्मनींतील डार्मस्टाट येथें फ्रांक स्टेग्लिख व त्यांचे सहकारी यांनीं सीरियम, तांबें व सिलिकॉन यांचें संयुग तपासलें. त्यांत दर पांच अणूंमागें एक सीरियमचा, म्हणजे चुंबकीय वृत्तीचा. त्यांतील विद्युत्कण इतक्या जडपणें चालतात, कीं जणूं त्यांचें वजन शेंकडों पटींनीं वाढलें आहे. तरीहि निरपेक्ष शून्याच्या वर सुमारें अर्ध्या अंशावर तें अतिवाहक झालें! सीरियमच्या जागीं चुंबकत्वहीन लँथॅनम घातला, तर तो गुणच गेला. घरचा वैरीच घराचा आधार निघाला. पुष्कळांस हें प्रथम पटलें नाहीं. परंतु १९८३ सालीं युरेनियमचें तें जुनें संयुगहि खरोखरीच अतिवाहक असल्याचें सिद्ध झालें, आणि शंका मावळूं लागली.

पुढें १९९८ सालीं केंब्रिज येथील संशोधकांनीं सीरियमच्या दुसऱ्या दोन संयुगांवर प्रचंड दाब दिल्याचें प्रसिद्ध केलें. दाब वाढला तशी त्यांची चुंबकीय रचना ढळली, आणि ती जेथें मोडते नेमकी तेथेंच अतिवाहकता प्रगट झाली. मोडत्या चुंबकत्वाचे हेलकावेच येथें जोड्या जुळविणाऱ्या मध्यस्थाचें काम करीत असावेत, असा यावरून तर्क होतो. वादाचा शेवट अद्यापि झालेला नाहीं. नियमास अपवाद दिसला तर प्रथम नमुन्यावर संशय घ्यावा, ही सावधगिरी योग्यच. परंतु तो नमुना पुन्हां तपासावा, हेंहि तितकेंच अगत्याचें.