पावसाळ्याची बेगमी आणि घरातली जंतुनाशके



रोहिणी नक्षत्र लागले की आपल्याकडे पावसाळ्याच्या बेगमीची घाई उडते. कडधान्ये, पापड, सुकी मासळी, सरपण, सगळे डब्यांत भरले जाते, माळ्यावर चढते. या बेगमीत आणखी एका छोट्या डब्याची भर घाला असे आज मला सांगायचे आहे. तो डबा पाणी आणि घर निर्जंतुक करण्याच्या सामानाचा. कृष्णा, पंचगंगा, वाशिष्ठी या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांनी तर तो ठेवलाच पाहिजे.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले होते; तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. जुलै 2021 मध्ये चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेली. अशा वेळी घराभोवती पाणीच पाणी असते, पण प्यायला घोटभर मिळत नाही. नळयोजनेचे पंप बुडालेले, वीज गेलेली, विहिरीत गटाराचे पाणी उतरलेले. औषधाच्या दुकानात जावे तर तिथेच गुडघाभर चिखल. मदत येते, पण ती यायला एक-दोन दिवस जातात, आणि जुलाब, कावीळ, विषमज्वर यांचे जंतू तेवढा वेळ थांबत नाहीत.

आता डब्यात काय ठेवायचे? सर्वांत आधी साबण. त्यात सांगण्यासारखे फार नाही, तो वर्षानुवर्षे टिकतो आणि हात धुवायला त्याच्या तोडीचे दुसरे काही नाही. दुसरे म्हणजे पिण्याच्या पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या किंवा आरोग्य खात्याकडून मिळते ते मेडिक्लोरसारखे द्रावण. तिसरे, फरशी, मोरी, संडास यांसाठी ब्लिचिंग पावडर, जिला गावोगावी टीसीएल म्हणतात. जोडीला रबरी हातमोजे, एक प्लॅस्टिकची बादली आणि गाळायला स्वच्छ, जाड सुती कापड.

यातली टीसीएल मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागते. आपल्याला वाटते, पांढरी पूड आहे, मिठासारखी राहील पडून. तसे होत नाही. चांगल्या, ताज्या पावडरीत उपयोगी क्लोरीन साधारण 33 टक्के असतो. पिशवीचे तोंड उघडे राहिले, ओल लागली, ऊन लागले की तो उडत जातो. मागे उरतो तो नुसता चुना. पूड तितकीच दिसते, वासही थोडाफार येतो, आणि आपण विश्वासाने ती टाकतो. जंतूंना काहीही होत नाही. पुरात मला सर्वांत धोकादायक वाटते ती ही खोटी निश्चिंती. औषध नाही हे ठाऊक असलेला माणूस निदान पाणी उकळून तरी पितो.

म्हणून ढीग करू नका. घरासाठी किलोभर पुरे. ती घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, अंधाऱ्या, कोरड्या आणि थंड जागी ठेवा. पत्र्याचा डबा नको, तो गंजतो. पावडर कधी आणली ती तारीख डब्यावर ठळक लिहा आणि दरवर्षी मृगाआधी नवी आणा. जुनी फेकायची गरज नाही, आदल्या महिन्यात मोरी-संडासासाठी वापरून टाका. बाटलीतल्या पातळ ब्लीचचेही तेच: बंद बाटलीतसुद्धा त्याचा जोर महिन्यामहिन्याला उतरतो. गोळ्या त्या मानाने पुष्कळ टिकतात, कारण प्रत्येक गोळी पट्टीत वेगळी बंद असते. पिण्याच्या पाण्यासाठी घरोघरी गोळ्याच ठेवाव्यात, पावडरीच्या मापात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक गोळी किती लिटरला हे पट्टीवर छापलेले असते आणि ते प्रमाण गोळीगणिक बदलते, म्हणून आपला हंडा, कळशी किती लिटरची आहे हे आजच मोजून ठेवा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवा, निवळू द्या, गाळा आणि मग गोळी टाका. चिखल क्लोरीन खाऊन टाकतो. तुरटीने पाणी निवळते, जंतू मरत नाहीत. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबायचे. गॅस किंवा चूल पेटत असेल तर पाण्याला खळखळून उकळी आणून मिनिटभर ती टिकवणे हा आजही खात्रीचा उपाय आहे. फिनेल मात्र पाण्यात कधीही टाकू नये. ते फरशीचे आहे, पोटात गेले तर विष आहे.

पूर ओसरल्यावर घर धुतानाही क्रम सोडू नका. आधी गाळ उपसायचा, साबणाने घासायचे, आणि मग ताज्या पावडरीचे पाणी: लिटरभर पाण्यात 15 ग्रॅम, म्हणजे अर्धा टक्का क्लोरीन. ते त्या दिवसापुरतेच करा. उरलेले दुसऱ्या दिवशी उपयोगाचे राहत नाही.

आता डबा ठेवायचा कुठे? गेल्या पुराची रेघ भिंतीवर असेल तर तिच्या वर, आणि मुलांच्या हाताच्याही वर. शेतकऱ्याच्या घरात खताची पोती, कीटकनाशके, रॉकेल हे एकाच कोपऱ्यात असते. तिथे ब्लिचिंग पावडर नेऊ नका. तेल, रॉकेल, खत यांच्याशी तिचा संबंध आला तर ती पेट घेऊ शकते. धान्याजवळही नको. संडास धुण्याचे ॲसिड तर तिच्या शेजारीसुद्धा नको. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू सुटतो. हाच वायू 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला होता. बंद मोरीत थोडा जरी सुटला तरी श्वास कोंडतो. जास्त स्वच्छ व्हावे म्हणून दोन औषधे एकत्र ओतण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, ती मोडली पाहिजे.

आणि एक कळकळीची विनंती. कोणतेही जंतुनाशक सरबताच्या, पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका. पुराच्या धांदलीत, अंधारात, तहानलेले मूल ती बाटली तोंडाला लावते. असे घडलेच तर उलटी करवू नका. वर येताना ते औषध घसा पुन्हा जाळते. 108 ला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा.

हे सगळे घरापुरते झाले. गावच्या पाण्याची राखण जलसुरक्षक करतो. टाकीत टीसीएल टाकणे आणि ओटी टेस्ट घेणे हे त्याचे काम. नमुन्यात ओटीचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला की क्लोरीन पोहोचला असे समजायचे. एरवी शेवटच्या नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन पुरतो, पुराच्या आणि साथीच्या दिवसांत तो 0.5 तरी असावा. पंचायतीच्या खोलीतली टीसीएलची पोती ओल धरत नाहीत ना, ती कधी आली, हे ग्रामसभेत विचारायचा प्रत्येकाला हक्क आहे. येत्या ग्रामसभेत ते विचारा, आणि पाऊस सुरू होण्याआधी आपल्या घरच्या नळाची ओटी टेस्ट आपल्यासमोर करून घ्या.