तोरणमाळचा घाट : सावली आहे तोवर

आज तोरणमाळबद्दल. ‘सायकलने जायचं तर कधी जाऊ?’ असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठरलेलं: दिवाळीच्या आसपास या, महाशिवरात्रीला नको.

कारण सावली. शहाद्याहून तोरणमाळ साधारण ५५ किलोमीटर, म्हसावद-राणीपूरवरून. आपण तापीच्या सपाटीवरून उत्तरेला सातपुडा चढतो, म्हणजे उताराचं तोंड दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्यही दक्षिणेला कललेला. त्यामुळे डोंगर आपल्याला फारशी सावली देत नाही, जी मिळते ती झाडांची. आणि झाडं म्हणजे मुख्यतः साग. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याची सुपाएवढी पानं रस्त्यावर झुकलेली असतात. जानेवारी उलटला की पानगळ जोरात. यात्रेपर्यंत जंगल उघडं पडतं आणि गाड्यांची रांग लागते ती वेगळीच. पावसाळ्यात हिरवं असतं, पण वळणांवर शेवाळ आणि वरून सुटलेले दगड. माझा तरी नकार.

आता चढ. शहादा समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास, तोरणमाळ सुमारे साडेअकराशे. म्हणजे हजार मीटर वर जायचं. मी आणि सायकल मिळून ८० किलो धरले तर फक्त उंचीसाठी जवळपास ७८५ किलोज्यूल काम. हा आकडा कुणालाच चुकत नाही, आपल्या हातात असतो तो वेळ. हेच काम अडीच तासांत केलं तर सरासरी ८७ वॅट, जुन्या सीलिंग फॅनपेक्षा थोडं जास्त. दीड तासात करायला गेलात तर १४५. हवा आणि टायरचं घर्षण दोन्हीकडे वेगळं धरायचं. म्हणून पहिल्या वळणापासूनच हलका गिअर टाका, बोलता येईल इतकाच दम लागू द्या. सावलीत घाम जाणवत नाही, म्हणून तहान लागायची वाट न बघता घोट घोट पाणी प्या. सात पायरीच्या वळणांवर ज्यांच्या पायात जीव उरतो, त्यांनाच मागे वळून खालचं खोरं बघायला मजा येते.

एक गोष्ट मात्र दरवेळी खटकते. आपण म्हणतो, ‘काय शांत रस्ता आहे!’ त्या शांततेचं एक कारण हेही, की दिवाळीनंतर इथली कितीतरी भिल्ल-पावरा कुटुंबं ऊसतोडीला, शेतमजुरीला गुजरातकडे निघून जातात. आपण सावली शोधत वर चढत असतो, तेव्हा समोरून पिकअप उतरते, मागे माणसं, पोरं, भांडी, गोधड्या. मी साइडपट्टीवर उतरून थांबतो. वळण अरुंद असतं, आणि घाई त्यांना असते, मला नाही. पोरं हात हलवतात.

उतरतानाही हेच ध्यानात ठेवा. जीप वळणावर पूर्ण रस्ता घेते, वाळकं पान घसरवतं. रिम ब्रेक असेल तर सतत दाबून धरू नका, रिम तापते. दाबा, सोडा, दाबा. मध्ये एकदा थांबून रिमजवळ हात नेऊन बघा. चाळीस मिनिटं जास्त लागली तर लागू द्या, संध्याकाळ व्हायच्या आत म्हसावद गाठलं म्हणजे झालं. यशवंत तलावावर किती वेळ बसायचं, ते त्या हिशोबाने ठरवा.