कृष्णविवराची वेस

श्रोते हो, कृष्णविवराची वेस म्हणजे घटनाक्षितिज. ती ओलांडली की प्रकाशसुद्धा माघारी येत नाही. न फिरणाऱ्या विवराच्या वेशीचे माप कार्ल श्वार्त्सशिल्ड यांच्या १९१६ सालच्या गणितातून निघते. साधे त्रैराशिक आहे, बरं का! सूर्याएवढ्या वस्तुमानाला त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर. दहा सूर्यांना ३०. पण त्रिज्या दुप्पट झाली की घनफळ आठपट होते. म्हणजे वस्तुमान दुप्पट, तर सरासरी घनता चौथाई! एम ८७ दीर्घिकेतले विवर सुमारे साडेसहा अब्ज सूर्यांएवढे. २०१९ साली त्याच्या सावलीचे चित्र प्रसिद्ध झाले. या हिशेबाने त्याची घनता आपल्या हवेहूनही कमी भरते. गुरुजनहो, हे गणित मुलांकडून जरूर करवून घ्या. एवढ्या मोठ्या वेशीवर ओढाताणही सौम्य. ओलांडणाऱ्याला कळायचेसुद्धा नाही. परतीची वाट मात्र मिटलेली!