खुडूक न बसणारी कोंबडी
(हैदराबाद येथे सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय आणि इतिहास असे भारदस्त विषय घेतले. मी पडलो पशुवैद्य. मला कोंबडीखेरीज दुसरे काय सुचणार? आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अंडे वर्ज्य आहे, हे मी जाणतो. परंतु आजचा विषय ताटातला नसून निवडीचा आहे. तेव्हा त्यांनीही उठून जाण्याचे कारण नाही.

नोकरीत असताना बिदरकडच्या एका खेड्यात एका आजींनी मला विचारले होते, “डाक्टर, ही इकत आणलेली कोंबडी अंडी लई देते, पण खुडूक का बसंना? आन् तिची अंडी रवणीला घातली तर पिल्लं तिच्यावानी निघतील का?” या दोन प्रश्नांत साऱ्या धंद्याचे मर्म आले.

पहिला प्रश्न घेऊ. कोंबडीची मूळ पूर्वज, रानातली लाल कोंबडी, वर्षाकाठी दहापंधरा अंडी घालते आणि ती उबवायला बसते. बसली की अंडी बंद. उबवणीचे काम यंत्राकडे गेल्यावर ही माया धंद्याला तोट्याची ठरली. खुडूक बसणाऱ्या कोंबड्यांचा वंश पुढे चालू द्यायचा नाही, असा नेम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. आज पिंजऱ्यातली कोंबडी वर्षाला तीनशेवर अंडी देते; खुडूक बसणे मात्र ती जवळजवळ विसरली आहे.

ही निवड वाटते तितकी सोपी नव्हे. अमेरिकेतील मेन संस्थानाच्या संशोधन केंद्रात १८९८ साली एक प्रयोग सुरू झाला. कोंबडी आत शिरताच दार पडेल अशी घरटी केली, म्हणजे कोणते अंडे कोणाचे ते नेमके कळे. भरपूर अंडी देणाऱ्या कोंबड्या व त्यांचेच मुलगे यांच्यापासून पुढची पिढी घ्यायची, असा क्रम सुमारे नऊ वर्षे चालला. पण कळपाची सरासरी काही वाढेना! पुढे रेमंड पर्ल या शास्त्रज्ञाने कारण दाखविले. एका कोंबडीच्या अंड्यांच्या संख्येत तिच्या रक्ताचा वाटा थोडा. खाणे, ऋतू आणि नशीब यांचा मोठा. शिवाय कोंबडा तर अंडे घालीतच नाही. त्याची पारख करायची कशी? त्याच्या लेकींवरून! कोंबडीची परीक्षा तिच्या एकटीच्या अंड्यांवरून न करता संततीवरून व्हावयास लागली, तेव्हा सुधारणा दिसू लागली. आज त्या वहीच्या जोडीला संगणक आला आहे आणि पिल्लाच्या रक्तातील जनुकांच्या खुणाही वाचता येतात; तत्त्व तेच.

आता दुसरा प्रश्न. बाजारातली कोंबडी ही सामान्यतः चार निरनिराळ्या शुद्ध वंशांची नात असते. दोन वंशांच्या संकरातून तिचा बाप येतो, दुसऱ्या दोहोंतून आई. त्या मिश्रणाने तिला जोम येतो. पण तिच्या पोटच्या पिल्लांत ते गुण विस्कटतात. म्हणून पिल्ले दरवेळी विकतच आणावी लागतात. मूळचे शुद्ध वंश आज जगातील मोजक्या कंपन्यांच्या हाती आहेत. तिथे आज केलेली निवड साधारण चार वर्षांनी खाटकाच्या दुकानापर्यंत पोहोचते.

आता तिची किंमत पाहा. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ आणि २००५ सालचे वंश एकाच खाद्यावर वाढवून पाहिले. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. छप्पन्न दिवसांनी त्यांची वजने भरली अनुक्रमे ९०५, १८०८ आणि ४२०२ ग्रॅम. मांस स्वस्त झाले, हा लाभ लहान नाही. परंतु या वाढीचा भार पाय आणि काळीज यांवर पडला. पाखरे लंगडू लागली, पोटात पाणी होऊन मरू लागली. तेव्हा निवडीच्या हिशेबात पायांची व काळजाची भर घालावी लागली. या पिल्लांच्या आईबापांना मोजूनमापून अर्धपोटी ठेवावे लागते, नाहीतर चरबी चढून त्यांचा वंशच खुंटतो. अंड्यांच्या जातीतील नर पिल्ले तर जन्मल्या दिवशीच मारली जात आली. जर्मनीने २०२२ च्या आरंभापासून ही प्रथा कायद्याने बंद केली.

एक प्रयोग मात्र मला सर्वांत मोलाचा वाटतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी एकेकट्या कोंबडीची निवड न करता सबंध पिंजरा निवडला. बहिणी एका पिंजऱ्यात ठेवायच्या, चोची कापायच्या नाहीत आणि ज्या पिंजऱ्यात सर्व मिळून अधिक अंडी देतील व अधिक काळ जगतील, त्यांचा वंश पुढे न्यायचा. दुसऱ्या पिढीत वर्षाकाठी ६८ टक्के कोंबड्या मरत होत्या. पुढे ते प्रमाण ८.८ टक्क्यांवर आले. हे १९९६ साली प्रसिद्ध झाले. एकटीने अव्वल ठरणारी कोंबडी कित्येकदा शेजारणींना टोचूनच अव्वल ठरलेली असते, हा त्यातला बोध.

आपल्या हैदराबादेत राजेंद्रनगरच्या कुक्कुटसंशोधन संस्थेने ‘वनराजा’ ही जात परसासाठी तयार केली. तिच्यापासून तीनशे अंड्यांची अपेक्षा नाही. पाय मजबूत हवेत, पिसे रंगीत हवीत, उकिरडा उकरून पोट भरता यावे, अशा कसोट्या लावल्या. पण तीही संकराचीच. तिच्या अंड्यांच्या पिल्लांत तेच गुण पुरते उतरत नाहीत.

म्हणून त्या आजींना मी जे सांगितले, तेच इथे सांगतो. “आजी, चार कोंबड्या सुधारलेल्या घ्या, अंड्यांचे चार पैसे सुटतील. पण खुराड्यात एक गावठी खुडूक ठेवाच. पुढची पिल्ले तीच काढणार आहे.” आजी हसून म्हणाल्या, “ती तर हायेच की! तिला कोन इकतंय?”

आपण जे मोजतो ते वाढते. जे मोजीत नाही ते पिढीगणिक गळत जाते. गळून गेलेले परत हवे झाले तर कोठून आणायचे, याची तजवीज त्या आजींनी आमच्याआधीच करून ठेवली होती.