गावच्या तलावाचं पाणी स्वच्छ झिरपतंय की गढूळ?

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, बीटेक केलेला, परभणी जिल्ह्यातला. धरण बांधणं हे माझं शिक्षण नाही. पण जी गोष्ट दिवसरात्र चालू राहायला पाहिजे तिच्यावर नजर कशी ठेवायची, हे माझं रोजचं काम आहे. आज त्याच नजरेनं गावच्या तलावाकडं बघू.

येलदरीचे दरवाजे उघडले की काय होतं, तुम्हाला माहितीये. प्रत्येक ग्रुपवर व्हिडिओ, खाली सतर्कतेचा इशारा, तहसीलचं पत्र. मोठं धरण आहे, पूर्णा नदीवरचं, परभणी शहर त्याचं पाणी पितं. तिथं कर्मचारी आहेत, पाण्याच्या पातळीची रोज नोंद होते. जिंतूरकडचा करपरा, गंगाखेडचा मासोळी, हे मध्यम प्रकल्प. त्यांचेही पाणीसाठ्याचे आकडे पेपरात येतात.

पण त्याच्या खालचं काय? गावाच्या वरच्या अंगाला असलेला लघु तलाव, पाझर तलाव, ज्याच्या पोटात किंवा खाली नळयोजनेची विहीर आहे. त्याला दरवाजे नसतात. तलाव भरला की पाणी सांडव्यावरून आपोआप निघून जातं. तिथं रोज कुणी जात असेल तर गुराखी, मासे धरणारे आणि रील काढणारे आपण. त्या भिंतीची तब्येत कुणाला विचारायची?

तब्येत बिघडली तर काय होतं, ते आपल्या राज्यानं बघितलंय. २ जुलै २०१९ ची रात्र. रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात, तिवरे गावचं मातीचं धरण फुटलं. खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून जास्त माणसं गेली. धरण काही शंभर वर्षं जुनं नव्हतं, वीसेक वर्षांचंच होतं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. नंतर तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत खेकड्यांमुळं भिंत पोखरली असं बोलले, आणि राज्यभर त्यावर मीम्स झाले.

मीम्स बाजूला ठेवा. खेकडे, उंदीर, घुशी मातीच्या भरावात बिळं करतात, हे खरंच आहे. पण बीळ एका रात्रीत होत नाही. मग मधल्या काळात ते कुणी बघितलं, कुठं लिहिलं आणि लिहिल्यावर काय झालं? खरे प्रश्न हे आहेत.

आता भिंत कशी असते ते समजून घेऊ. मातीच्या धरणात आत चिकण काळ्या मातीचा गाभा असतो, बाहेरून मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडांचं अस्तर, म्हणजे पिचिंग. एक गोष्ट लक्षात ठेवा: मातीचं प्रत्येक धरण थोडं पाझरतंच. पायथ्याशी ओल दिसली की लगेच घाबरायचं कारण नाही. ते पाणी निघून जावं म्हणून पायथ्याला नाली काढलेली असते.

असं धरण फुटतं ते मुख्यतः दोन वाटांनी. एक, वरून. सांडवा बुजला, पाणी भिंतीवरून वाहायला लागलं, की माती धुपत जाते आणि काही तासांत खिंडार पडतं. दुसरी वाट आतून. पाझरणारं पाणी मातीचे कण सोबत घेऊन निघतं. आत बारीक नळी तयार होते, ती मागं मागं सरकत तलावाच्या पाण्यापर्यंत पोचते. मग वेळ उरत नाही.

म्हणून पहिली खूण पक्की पाठ करा. झिरपणारं पाणी स्वच्छ आहे का गढूळ? स्वच्छ असेल तर नोंद करा. गढूळ असेल तर भिंतीची माती वाहून चाललीये. त्याच दिवशी, त्याच तासाला फोन करायचा.

दुसरी खूण, झाडं. भरावावर वेडी बाभूळ, लिंब, पिंपळ उगवतात. सावली छान वाटते. पण मुळं आत जातात, झाड वाळलं की मुळं कुजतात आणि त्या जागी पाण्याला तयार वाट मिळते. झाड लहान असतानाच काढायचं असतं. मोठं झालेलं मात्र आपल्या मनानं उपटायचं नाही, तिथं मोठा खड्डा पडतो. ते काम खात्याला सांगून.

तिसरी खूण, भेगा. आपली काळी माती उन्हाळ्यात कशी तडकते ते शेतात बघतोच. भिंतीच्या माथ्यावर आडवी भेग गेली, म्हणजे तलावाच्या बाजूकडून गावाच्या बाजूकडं, तर ती जास्त गंभीर. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी तिच्यातूनच शिरतं. माथा कुठं खचलाय का, हेही बघा.

चौथी, पाइप. कुणी मोटारीसाठी, कुणी नळयोजनेसाठी भराव कापून पाइप टाकतं आणि वर माती लोटून देतं. पाइपाच्या कडेनं माती नीट दाबली जात नाही. पाणी तिथूनच सरकतं. भराव कापायचा म्हणजे खात्याची परवानगी आणि इंजिनिअर समोर पाहिजे. गाळ काढतानाही तेच. गाळ शेताला सोनं आहे, पण जेसीबी भिंतीच्या पायथ्याला लावायचा नाही.

पाचवी खूण सांडवा. आणि इथं खरी अडचण आहे. आपण मराठवाड्यातली माणसं. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्यामुळं सांडव्यावरून वाहून जाणारं पाणी बघवत नाही. मग कुणीतरी पोती लावतं, दगड रचतं, फूटभर पाणी जास्त अडतं. मासेवाले जाळी बांधतात. हेतू वाईट नाही. पण सांडव्याची पातळी हिशोबानं ठरवलेली असते. त्याच्या वर भिंतीची जी उंची मोकळी ठेवलेली असते, ती मोठ्या पुरासाठी राखलेली जागा आहे. आपण अडवलेला फूटभर त्या जागेतून जातो. दोन महिन्यांच्या पाण्यासाठी आपण पूर्ण तलाव आणि खालची वस्ती डावावर लावतो. भिंत गेली तर उन्हाळ्यात प्यायला तेही नाही.

कायदा काय म्हणतो? धरण सुरक्षा कायदा २०२१ चा. १५ मीटरपेक्षा उंच धरणं त्यात येतात, आणि १० ते १५ मीटरमधली काही, लांबी, साठा वगैरे अटी पूर्ण करणारी. त्यांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करावी लागते. भूकंप झाला, मोठा पूर आला, तरीही. हे आपल्याला लागू पडणारं आहे. १० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, परभणी-नांदेडपर्यंत घरं हलली. पण १० मीटरपेक्षा बुटके तलाव या कायद्याच्या बाहेर राहतात, आणि गावाच्या डोक्यावर बहुतेक तेच असतात.

मग तुमचा तलाव कुणाचा? साधारण १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे जिल्हा परिषदेकडं, त्यावर ६०० हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडं, त्याहून मोठे जलसंपदा विभागाकडं. ग्रामपंचायतीत जाऊन एवढं एक विचारा आणि त्या उपविभागाचा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा. निम्म्या तक्रारी चुकीच्या टेबलावर पडून राहतात.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. सर्व्हरवर एका क्षणाचा आकडा काही सांगत नाही. कालच्याशी ताडून बघितला तर सांगतो. तलावाचंही तसंच. म्हणून एक सोपी पद्धत. महिन्यातून एकदा, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, तीन ठरलेल्या जागांवरून फोटो काढा: माथा, पायथ्याची नाली आणि सांडवा. जागा तीच, दिशा तीच. नालीतलं पाणी दहा लिटरच्या बादलीत धरा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. समजा बादली चाळीस सेकंदांत भरली, तर सेकंदाला पाव लिटर. सोबत तलावाची पातळी लिहा, कारण तलाव भरला की पाझर वाढणारच. पण पातळी तेवढीच असताना किंवा उतरत असताना पाझर वाढला, तर आत काहीतरी बदललंय. एवढी एक ओळ तारखेसह लेखी अर्जाला जोडली तर "गळती आहे साहेब" यापेक्षा तिचं वजन कितीतरी जास्त. अर्जाची पोच घ्या.

दोन सूचना. मुसळधार पावसात, रात्री, भिंतीवर फोटो काढायला जायचं नाही. आणि गढूळ गळती, खचलेला माथा किंवा भिंतीवरून पाणी दिसलं तर आधी खालच्या वस्तीला उठवा, मग १०७७ वर जिल्हा आपत्ती कक्षाला कळवा. व्हिडिओ नंतर.

अधिकाऱ्यांची जबाबदारी यानं कमी होत नाही, उलट त्यांना टाळता येत नाही. दुरुस्तीचं उद्घाटन होत नाही, फीत कापली जात नाही, म्हणून ती मागं पडते. ती मागत राहणं आपल्या हातात आहे.

पुढच्या भागापर्यंत एक काम करा. येत्या रविवारी गावच्या तलावावर चक्कर मारा, तीन फोटो काढा, बादली भरा आणि आकडा गावच्या ग्रुपवर टाका. पुढच्या महिन्यात पुन्हा. भेटू.