मालक नसला तरी कारभार लागतोच

(सरोजिनी नगर, नवी दिल्ली येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, सुधारावी आणि वाटावी असे सॉफ्टवेअर. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने सरकारी कचेऱ्यांसाठी 'बॉस' ही प्रणाली काढली. ती 'डेबियन' या जगभरच्या स्वयंसेवकांच्या कामावर उभी आहे. डेबियन १९९३ साली सुरू झाले. तेथे मालक नाही, हजेरीपट नाही. मग शेवटचा शब्द कोणाचा?

त्यासाठी १९९८ साली त्यांनी घटना मंजूर केली. नेता दर वर्षी गुप्त मतदानाने निवडायचा. मतपत्रिकेवर 'यांपैकी कोणीही नाही' हा पर्याय असतोच. नेत्याचा निर्णय सभासद ठरावाने फिरवू शकतात, त्याला पदावरून दूरही करू शकतात. भाषांतर किंवा माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांनाही सभासद करून घ्यावे, असा ठराव २०१० साली झाला. लाइनीवरचा ट्रॅकमन आणि कचेरीतला कारकून यांचे मत सारखेच, हे आपण जाणतोच.

दुसरे उदाहरण 'पायथन'चे. तेथे अनेक वर्षे संस्थापक गुइडो व्हान रॉसम यांचाच शब्द अखेरचा असे. एका वादानंतर २०१८ साली ते त्या जबाबदारीतून बाजूला झाले. २०१९ पासून पाच जणांचे निवडून आलेले मंडळ आहे. एकाच कंपनीचे दोघांपेक्षा जास्त त्यात बसू शकत नाहीत. जो पगार देतो त्याचे वजन मंडळावर पडू नये, म्हणून हा नियम.

कोणी म्हणेल, पटले नाही तर आज्ञावलीची प्रत घेऊन वेगळी चूल मांडता येते. खरे आहे. ओरॅकल कंपनीच्या हाती ओपनऑफिस गेल्यावर २०१० साली अनेकांनी तसे केले आणि लिबरऑफिस उभे राहिले. पण वेगळे झाले की काम करणारे हात वाटले जातात. रेल्वेत मान्यतेसाठी गुप्त मतदान होते. मते फुटली की बळ किती घटते, हे तुम्हांला सांगायला नको. म्हणून घर न सोडता कारभारी बदलता आला पाहिजे. ती सोय नियमांतच हवी आणि नियम भांडण होण्याआधीच लिहिलेले हवेत.

तेव्हा घरी गेल्यावर आपल्या शाखेची नियमावली काढून वाचा. निवडणूक शेवटची केव्हा झाली? हिशेब सभेपुढे कोणी वाचला? हे प्रश्न पदाधिकाऱ्यांना विचारा. मलाही विचारा.

कामगार एकजुटीचा विजय असो!