शिपाई आमचा, हुकूम कोणाचा?

(नाशिक येथें शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



देवळालीच्या तोफांचा आवाज आम्हां नाशिककरांस नवा नाहीं. तेथें तोफखान्याची शाळा आहे, आणि तोफ चालविणारे पुष्कळसे हात नांगर व हातोडा धरणाऱ्या घरांतलेच असतात. म्हणून आज आम्ही एकच प्रश्न विचारतों : या हातांना लढाईवर धाडण्याचा हुकूम कोण देतो, आणि कोणाला विचारून?

ता. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीं हिंदुस्थान लढाईंत उतरल्याचें जाहीर केलें. कायदेमंडळास विचारलें नाहीं. प्रांतांतलीं काँग्रेसचीं मंत्रिमंडळें राजीनामे देऊन बाहेर पडलीं. परक्याच्या राज्यांत याहून वेगळें काय व्हायचें?

पण स्वराज्यांत काय झालें? घटनेच्या ५३ व्या कलमानें सैन्याचें सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, आणि राष्ट्रपति मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें चालतात. लढाईपूर्वीं लोकसभेची संमति घ्यावी, असें कलम मात्र घटनेंत कोठेंच नाहीं. १९८७ सालीं करार करून आपली फौज श्रीलंकेंत गेली. ती लोकसभेचें मत घेऊन गेली नव्हती. १९९० सालीं ती परतली, तोंवर हजाराहून अधिक जवान कामास आले होते.

कोणी म्हणेल, शत्रु बांधावर आला असतां सभा भरवीत कोण बसेल? खरें आहे. घराला आग लागली म्हणजे पाणी ओतायला कोणी पंचांची परवानगी मागत नाहीं. पण आग विझल्यावर पंचांपुढें सर्व हकीकत सांगावीच लागते. १९६२ सालीं ता. २० ऑक्टोबरला चीनचा हल्ला झाला, आणि ता. ८ नोव्हेंबरला संसद बसली. घाईच्या वेळींहि लोकांपुढें येतां येतें, हें त्यावरून दिसतें. पण हें सरकारच्या मर्जीवर कां असावें? अमेरिकेंत व्हिएतनामच्या लढाईनें पोळल्यावर १९७३ सालीं कायदा झाला : अध्यक्षानें फौज लढाईंत घातली तर ४८ तासांत काँग्रेसला कळवावें, आणि मंजुरी न मिळाल्यास ६० दिवसांनीं ती लढाई थांबवावी, माघारीसाठीं फार तर आणखी ३० दिवस. तेथील अध्यक्षांनीं त्यांतूनहि पळवाटा काढल्या. पण बोट दाखवायला कायदा तरी आहे. आपल्याकडे तोहि नाहीं.

१९६३ सालीं संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांना नाशिकनें बिनविरोध लोकसभेंत धाडलें. मान मोठा, माणूसहि मोठा. पण मतदानच न झाल्यानें सैन्याच्या कारभाराचे प्रश्न मतदारांनीं विचारण्याची वेळ आली नाहीं. ती चूक आपलीच.

सामाईक जमिनीचा तुकडा विकायचा तर सातबाऱ्यावरील साऱ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात. मग घरचा पोरगा लढाईवर धाडतांना आमच्या प्रतिनिधीची एक सही नको काय? पुढच्या खेपेस मत मागायला जो दारीं येईल, त्याला ओसरीवर बसवून हेंच विचारा. उत्तर मिळाल्याखेरीज त्याला उठूं देऊं नका.